सुताराचा चार

नेव्हिल : पण तिकीट कशाला काढलंस? इतकी वर्षं गाइड म्हणून याच दारातून फुकट आत-बाहेर केलंस, आणि आज रांगेत उभी राहून तिकीट?

ग्लेनिस : तिकीट म्हणजे… पाहुणी. पाहुणीला कोण अडवणार?

नेव्हिल : अस्सं! म्हणजे ठरवून आलीयस. मला काय म्हणालीस सकाळी? ‘जरा ऑल्डरशॉला जाऊ, खंदकातली बदकं बघू.’

ग्लेनिस : ती बघ बदकं. बघितलीस? झालं.

नेव्हिल : झालं ना? चल मग घरी.

ग्लेनिस : नेव्हिल.

नेव्हिल : बरं बरं, डोळे नको वटारूस. पण हे घर बघ तरी एकदा. असं सरळ समोरून मी कधी बघितलंच नव्हतं. गाडी लावायची, तुला सोडायचं आणि कालव्यावर गळ टाकायला पळायचं. अगं, हे तर रात्रभर पिऊन आल्यासारखं उभं आहे! एक खांब इकडं, एक खांब तिकडं, खिडक्या भलतीकडंच. यात लोक पैसे देऊन शिरतात?

ग्लेनिस : पाचशे वर्षं उभं आहे. तू सत्तरीत… वाकलास.

नेव्हिल : घ्या. बाकीचे शब्द सापडत नाहीत, टोमणे बरोबर सापडतात.

ग्लेनिस : मी वर जाणार. लांब दालनात. तिथं उभी राहून माझं… माझं सूप सांगणार.

नेव्हिल : माहिती. माहिती सांगणार, असं म्हणायचंय तुला.

ग्लेनिस : बघ! परत!

नेव्हिल : काय परत?

ग्लेनिस : मी तोंड उघडते, आणि तू उडी. दर वेळी. उडी.

नेव्हिल : अगं, मदत करतो मी! नोव्हेंबरात पक्षाघाताचा झटका आला तेव्हा दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलं ना? हातपाय सुधारतील, पण शब्द इकडचे तिकडे होणार, घरच्यांनी सांभाळून घ्या. घेतोय ना मी सांभाळून?

ग्लेनिस : सांभाळून घ्या म्हणाली. तोंडचा घास काढून घ्या नाही म्हणाली.

नेव्हिल : आता हे जरा जास्त होतंय हं.

ग्लेनिस : काल. खाटकाकडे. मी समोर. आणि त्यानं तुला विचारलं. ‘बाईंना काय देऊ?’ तुला! मी काय… मी काय छत्री आहे कोपऱ्यात ठेवलेली?

नेव्हिल : …नाही.

ग्लेनिस : तूच लावलीस सवय. सगळ्या गावाला.

नेव्हिल : मला वाटलं, तुला लोकांसमोर अडकायला नको. मला बघवत नाही गं तू अडकलीस की. घशात काटा अडकल्यासारखं होतं मला.

ग्लेनिस : घसा माझा. काटा माझा.

नेव्हिल : बरं. पण एक सांग, इथला कारभार बघणाऱ्या टॅम्सिनबाई तुला परत गाइड व्हायला नाही म्हणाल्यात कुठं? फोनवर किती गोड बोलल्या. ‘तुम्हाला बरं वाटलं की चहाच्या खोलीत मदतीला आलात तर आम्हा सगळ्यांना इतका आनंद होईल! काही घाई नाही हं!’ मीच घेतला होता फोन.

ग्लेनिस : हो. तूच घेतलास. ते म्हणजे ‘नाही’.

नेव्हिल : आनंद होईल म्हणजे नाही?

ग्लेनिस : ‘काही घाई नाही’ म्हणजे कधीच नाही. चहाची खोली म्हणजे… वर पाय ठेवायचा नाही. ती देशाच्या दक्षिणेची, आपण उत्तरेचे. त्यांच्याकडे नाहीला साखर लावून देतात. आणि तू काय म्हणालास? ‘थँक्यू’ म्हणालास!

नेव्हिल : मग काय म्हणणार? आमच्या मिठाच्या खाणीत असलं काही नव्हतं. वरून ढेकूळ सुटलं की ‘हट!’ एवढंच. तिथं ‘आपल्याला चालणार असेल तर जरा बाजूला व्हाल का’ म्हणत बसलो असतो, तर आज तुझ्याशेजारी उभा नसतो.

ग्लेनिस : म्हणून वर जायचं. ती असेल. ती ऐकेल. मग बघू कशी… साखर लावते.

नेव्हिल : आणि पाय? तो गोल जिना? काठी गाडीत ठेवून आलीस.

ग्लेनिस : जिन्याला दोर आहे. वचन दे.

नेव्हिल : कसलं वचन?

ग्लेनिस : वर गेल्यावर एक शब्द नाही. माझा शब्द तू बोलायचा नाही.

नेव्हिल : आणि अडकलीस तर?

ग्लेनिस : अडकू दे.

नेव्हिल : लोक बघत राहतील.

ग्लेनिस : बघू दे. तिकीट काढलंय त्यांनी.

नेव्हिल : हट्टी ती हट्टीच. बरं, दिलं वचन. पण वर गेल्यावर हं. वर पोचेपर्यंत माझं तोंड माझं.

टॅम्सिन : अगंबाई, ग्लेनिस! खरंच तुम्ही? किती छान दिसताय! आणि मिस्टर स्विंडेल्स, तुम्हीसुद्धा! बरं झालं आलात. बाग बघितलीत का? ट्यूलिप इतके फुललेत या वर्षी, आणि बागेतली वाटही अगदी सपाट आहे…

ग्लेनिस : वर.

टॅम्सिन : वर? हो का! किती छान कल्पना. फक्त आज जरा गर्दी आहे, आणि तुमची दगदग व्हायला नको, एवढंच मनात आलं. खाली चहाच्या खोलीत गरम स्कोन आत्ताच भट्टीतून निघालेत, मी म्हटलं आधी तिथं जरा निवांत…

नेव्हिल : टॅम्सिनबाई, वर जायला मनाई आहे का आम्हाला?

टॅम्सिन : मनाई? छे छे! असं कसं म्हणता? मी फक्त तुमच्या सोयीसाठी…

नेव्हिल : तिकीट आहे हिच्याकडं. तिकिटावर लिहिलंय का, झटका येऊन गेलेल्यांनी फक्त ट्यूलिप बघावेत?

टॅम्सिन : अहो, काहीतरीच काय! आम्ही कुणालाच अडवत नाही. प्रत्येक पाहुण्याचं आम्ही अगदी मनापासून स्वागतच करतो.

ग्लेनिस : झालं तर. चल.

टॅम्सिन : हो… हो, अर्थातच. मीही येते. सहज. तसंही हॅरल्ड जेवायला गेलाय, वरच्या दालनात त्याच्या जागी मलाच उभं राहायचंय.

नेव्हिल : तुम्ही पुढं व्हा, मी मागं राहतो. मध्ये ही. पडली तर माझ्यावर पडेल.

ग्लेनिस : पडत नाही मी. चांगला पाय आधी. मग दुसरा. ही किटली अरुंद आहे, नेव्हिल. खांदा सांभाळ.

टॅम्सिन : किटली? चहा हवाय का तुम्हाला? मी खाली सांगते हं…

नेव्हिल : किटली म्हणजे जिना. आम्ही अजून वर पोचलेलो नाही, तेव्हा सांगून टाकतो. जिना म्हणायला गेली की तिच्या तोंडून किटली येतं, चारांतून तीनदा. माहितीला सूप. आणि आकडा म्हणायला गेली की कधी कधी आठवड्याचा वार येतो. घरी आता मलाही कळत नाही, किटली गॅसवर ठेवायची की चढून जायची.

ग्लेनिस : हसू नकोस. मला हसू येतं. मग पाय…

नेव्हिल : नाही हसत. दोर पकड. शाब्बास. अजून एक.

टॅम्सिन : किती धीराच्या आहात हो तुम्ही. आमच्या सगळ्यांच्या मनात तुमच्याबद्दल…

ग्लेनिस : नंतर. आत्ता श्वास.

नेव्हिल : पोचलो? पोचलो! आता माझ्या तोंडाला कुलूप.

(वरच्या मजल्यावरचं लांब दालन. ओक लाकडाची जमीन लाटांसारखी खाली-वर गेलेली. खिडक्यांच्या बारीक काचांतून आलेलं ऊन त्या लाटांवर तुटक तुटक पडलेलं. दहा-बारा पाहुणे भिंतींना धरून चालताहेत.)

नेव्हिल : अरे बापरे! ही जमीन आहे की समुद्र? मला धर गं, गेलो मी!

ग्लेनिस : कुलूप.

नेव्हिल : हे माझे शब्द आहेत, तुझे नाहीत. स्वतःचा जीव वाचवायला तरी बोलू देशील?

ग्लेनिस : मध्ये पाय नको. इथं ठेव. इथं खाली तुळई आहे. आता इथं. घट्ट असतं ते. फळीच्या पोटावर जायचं नाही.

टॅम्सिन : ग्लेनिस, तुम्ही… तुम्ही किती सहज चालताय. खालच्या अंगणात पाय ओढत होतात.

ग्लेनिस : इथं सगळेच झोकांड्या खातात. बघ त्यांना. मी यांच्यात… बरी दिसते.

टॅम्सिन : खरंय की. एक मिनिट हं, हे काही विचारताहेत. हो, बोला ना… अगदी योग्य प्रश्न विचारलात, सर. घर इतकं वाकडं का? खूप जण विचारतात. त्याचं असं आहे, की सोळाव्या शतकात…

ग्लेनिस : मी सांगते.

टॅम्सिन : ग्लेनिस, खरंच नको, तुम्ही पाहुण्या म्हणून आलाय आज, तुम्ही नुसता आनंद…

ग्लेनिस : मी सांगते. या. जवळ या सगळे. मी ग्लेनिस. मला झटका आला होता. माझे शब्द घसरतात. मी थांबले तर तुम्ही पण थांबा. घाई असेल त्यांनी खाली जावं, स्कोन गरम आहेत.

नेव्हिल : हसले बघा लोक.

टॅम्सिन : शू.

ग्लेनिस : हे दालन नव्हतंच आधी. घर झालं होतं. सुतार हिशेब करून घरी चालले होते. मग मालकाच्या बायकोनं शेजाऱ्यांकडं बघितलं. तिकडं लांब दालन. पावसात फिरायला. हिला पण हवं. म्हणून घराच्या डोक्यावर हे ठेवलं. वर दगडी… दगडी पोळ्या. छपराच्या. हां, समजलं ना? हसा, पण समजलं ना? खालच्या घराला कुणी विचारलंच नाही, बाबा, झेपेल का तुला? ते बिचारं वाकलं. पण वाकून थांबलं. पडलं नाही.

नेव्हिल : टॅम्सिनबाई, हे सगळं ती दर रविवारी सांगायची?

टॅम्सिन : दर रविवारी. तुम्ही कधी ऐकलं नाही?

नेव्हिल : मी कालव्यावर असायचो.

ग्लेनिस : पण हा कोपरा. हा जास्त वाकडा, बघा. मान अशी. बाकीच्या घराहून वेगळा. हा दगडांनी नाही वाकला. हा चुकीनं वाकला. सांगू? हे घर आधी जमिनीवर बनलं. आडवं. सुतारांच्या वाड्यात… नाही, वाडा नाही, अंगणात. सगळे सांधे जुळवले, बघितले, मग पुन्हा सुटे केले, गाडीत घालून इथं आणले. म्हणून प्रत्येक लाकडावर खूण. कोणतं कुठं बसणार त्याची. हा तिरका टेकू बघा, खांबाला लावलेला. इथं खाली खूण आहे. कोरलेली. रोमन आकडा. ही खूण आहे… ही आहे गुरुवार.

नेव्हिल : हं.

ग्लेनिस : गुरुवार नाही. थांबा. सोम, मंगळ… नाही, नाही. वार नको. आकडा. हा आकडा आहे…

टॅम्सिन : मिस्टर स्विंडेल्स. त्या अडकल्यात. ‘चार’ म्हणायचंय त्यांना. चौथ्या टेकूची गोष्ट आहे ती.

नेव्हिल : मला कळतंय काय म्हणायचंय ते.

टॅम्सिन : मग सांगा ना त्यांना! हळूच. ओठ हलवले तरी पुरे.

नेव्हिल : नाही.

टॅम्सिन : लोक बघताहेत हो. त्या लाल झाल्यात.

नेव्हिल : होऊ दे. वचन दिलंय.

टॅम्सिन : मग मी सांगते.

नेव्हिल : खबरदार, बाई! एक अक्षर बोललात तर… आपल्याला चालणार असेल तर, कृपा करून, गप्प राहा.

टॅम्सिन : पण किती वेळ?

नेव्हिल : तिला लागेल तेवढा. तुम्हाला वाटतं, मला सोपं जातंय? जीभ दाताखाली धरून उभा आहे मी. नोव्हेंबरपासून तिला एवढा वेळ मी एकदाही दिला नाही. एकदाही नाही. बघा तिच्याकडं. ती शोधतेय. रडत नाहीये, शोधतेय.

टॅम्सिन : कुणीच हललं नाही. बघितलंत? कुणीच घड्याळ बघितलं नाही.

नेव्हिल : आपली माणसं आहेत ती. एकदा रांग लागली की उभं राहायला त्यांना शिकवावं लागत नाही.

ग्लेनिस : तुम्ही. हो, तुम्हीच, निळा कोट. इकडं या. हात द्या. बोट ठेवा इथं. खाच लागली? ही एक उभी चीर. आणि पुढं चिमटा, असा, दोन पायांचा. चीर, मग चिमटा. तुम्हाला येतं रोमन? किती झाले? मोठ्यानं सांगा. सगळ्यांना… हां! चार! चार. बरोबर. आता ऐकलं ना कानानं, आता मला येतं. चार. चार. तर हा चार. आता गंमत ऐका. आमचे सुतार असा चार कधीच कोरत नसत. चिमटा नाही. नुसत्या चिरा. एक, दोन… एकाशेजारी एक, चारही चिरा. का सांगा? कारण लाकूड आहे. उचलताना उलटं होतं. उलटा करा हा चार. डोकं खाली करा, निळा कोट. लाजू नका. आता काय दिसतं? आधी चिमटा, मग चीर. किती? सहा! हां! कुणीतरी नवा गडी होता त्या दिवशी. त्यानं चिमटा काढला. इथं आणल्यावर तो टेकू उलटा आला, वरच्यानं वाचला सहा, आणि फिरवून घातला सहाच्या जागी. बसेना. मग ठोकला. ठोक ठोक ठोकला. बसला. आणि सहावा उरला, तो चारच्या जागी. तो पण ठोकला. तेव्हापासून हा कोपरा असा.

नेव्हिल : च्यायला.

टॅम्सिन : काय झालं?

नेव्हिल : काही नाही. हे तिनं शोधलं?

टॅम्सिन : हो. एका हिवाळ्यात, टॉर्च घेऊन, गुडघ्यांवर बसून. त्याआधी सगळे म्हणायचे, जमीन खचली.

ग्लेनिस : काय विचारलंत, बाई? दुरुस्त का नाही केलं? विचारलं होतं एकदा एका… लाकडाच्या डॉक्टरला. तो म्हणाला, आता काढलं तर कोपरा खाली येईल. चुकीच्या जागी आहे, पण भार घेतोय. म्हणून हात लावायचा नाही. संपलं माझं सूप. थँक्यू. खाली जाताना दोर धरा.

नेव्हिल : टाळ्या वाजवताहेत, टॅम्सिनबाई.

टॅम्सिन : मीही वाजवतेय. दिसत नाही का?

नेव्हिल : ये. बस इथं खिडकीत. हात गार पडलाय तुझा. पाणी?

ग्लेनिस : तू बोलला नाहीस.

नेव्हिल : नाही बोललो.

ग्लेनिस : मला वाटलं होतं, बोलशील.

नेव्हिल : मलाही वाटलं होतं.

टॅम्सिन : ग्लेनिस, काय बोलू मी! अप्रतिम. खरोखर अप्रतिम. मी अगदी भारावून गेले. आपण नक्की काहीतरी विचार करू या. सगळ्यांशी बोलून, सगळ्या बाजूंनी…

ग्लेनिस : विचार करू म्हणजे?

टॅम्सिन : म्हणजे… योग्य वेळ आली की… तुमच्या तब्येतीच्या दृष्टीनं…

ग्लेनिस : माझी तब्येत माझी. मी आत्ता वर आले. तुमच्या समोर. मी बोलले. मला रविवार हवा. इथं. चहाच्या खोलीत नाही. हो की नाही?

टॅम्सिन : इतकं सोपं नसतं हो ते…

नेव्हिल : सोपं आहे. दोन शब्द आहेत, त्यातला एक निवडा. आमच्या बाजूला तसंच करतात. नाही म्हणालात तरी आम्ही चावणार नाही.

टॅम्सिन : बरं. मग ऐका. आग.

नेव्हिल : काय?

टॅम्सिन : आग लागली तर? हे अख्खं घर लाकूड आहे. पाचशे वर्षं वाळलेलं लाकूड. इथून उतरायला तो एकच गोल जिना. या दालनात जो गाइड उभा असतो, त्यानं भोंगा वाजल्याबरोबर पंधरा-वीस घाबरलेल्या माणसांना सांगायचं असतं, जिन्यानं खाली, एकेक जण. आणि ग्लेनिस काय सांगतील? ‘किटली! किटली!’ सांगतील! लोक उभे राहतील एकमेकांच्या तोंडाकडं बघत. मला रात्री झोप लागत नाही या विचारानं. तुमचा फोन ठेवल्यावर मी रडले होते. पण मला तेच दिसत होतं. माफ करा. मी असं बोलायला नको होतं. किती वाईट बोलले मी.

नेव्हिल : बाई, तुम्ही…

ग्लेनिस : थांब, नेव्हिल. थांब. बरं झालं. बरं केलंस, टॅम्सिन. हे आधी का नाही सांगितलंस?

टॅम्सिन : कसं सांगणार? इतकी वर्षं तुम्ही या घराला दिलीत. तुम्हाला तोंडावर कसं म्हणू, की तुमच्या बोलण्याची मला भीती वाटते?

ग्लेनिस : असंच म्हणायचं. मी महिनोन् महिने विचार करतेय, मी काय घाण केली? वास येतो का मला? चेहरा वाकडा म्हणून लाजता का माझी? आणि तू… तू आगीला घाबरतेस. आगीला तर मी पण घाबरते!

टॅम्सिन : तुम्हाला लाजते? मी? ग्लेनिस, मी इथं नवी आले तेव्हा पहिले दोन महिने तुमचीच माहिती पाठ करून लोकांना सांगत होते.

ग्लेनिस : ठाऊक आहे. चुका करत होतीस.

नेव्हिल : पण ती बरोबर बोलतेय, ग्लेनिस. आगीचं.

ग्लेनिस : हो. बरोबर आहे. मी किटलीच म्हणेन. घाबरले की नक्की किटली.

टॅम्सिन : आत्ता म्हणून बघा. एकदा. ‘जिन्यानं खाली चला.’

ग्लेनिस : खाली चला. खाली चला येतं. कशानं… कि… जि… किटलीनं. नाही. नाही येत. हात दाखवला तर?

टॅम्सिन : धुरात हात दिसत नाही.

ग्लेनिस : शिट्टी?

टॅम्सिन : शिट्टीनं लोक थांबतात, जायचं कुठं ते कळत नाही. मी हे सगळं घरी बसून करून पाहिलंय, खरंच. माझ्या नवऱ्याला भिंतीकडं तोंड करून उभं केलं होतं.

ग्लेनिस : मग दुसरं शोधू. मी नाही सोडणार. आज नाही तर उद्या. मी शोधेन.

नेव्हिल : मला येतं म्हणता.

टॅम्सिन : काय?

नेव्हिल : जिना. मला म्हणता येतं. ओरडूनही. खाणीत अर्ध्या मैलावर ऐकू जायचा माझा आवाज. रविवारी हिच्याबरोबर मी उभा राहिलो तर? बोलेल ही. भोंगा वाजला तर मी.

टॅम्सिन : तुम्ही? पण तुमचा कालवा?

नेव्हिल : मासे कुठं जात नाहीत. आणि खरं सांगू का, बाई? मी काय मासे धरायला जायचो थोडाच. मला वाटायचं, या मोडक्या घरात काय ठेवलंय? बायको आठवड्यातून एक दिवस खुळ्यासारखी लाकडाशी बोलायला जाते. आज कळलं काय बोलायची ते. आणि तेव्हा तिचे शब्द सगळे धड होते. ते सगळे रविवार मी पाण्याकडं बघत घालवले. मूर्ख माणूस.

ग्लेनिस : थोडा.

नेव्हिल : थोडा काय, पुरता. तर मी शिकायला तयार आहे. भोंगा कुठं, बादली कुठं, माणसं कशी मोजायची, सगळं. खाणीत हेच केलं जन्मभर, पुढच्याला बाहेर काढायचं आणि मग स्वतः निघायचं.

टॅम्सिन : पण मिस्टर स्विंडेल्स, राग मानू नका. तुम्ही मध्ये बोलाल. तुम्ही बोलताच.

नेव्हिल : आज बोललो?

टॅम्सिन : …नाही. आज मी बोलत होते.

ग्लेनिस : टॅम्सिन. हो की नाही?

टॅम्सिन : हो.

ग्लेनिस : कुठलं हो? साखरेचं?

टॅम्सिन : नुसतं हो. येत्या रविवारी सकाळची पाळी. आधी शनिवारी दोघांनी या, मी नेव्हिलना आगीचं सगळं शिकवते. आणि मला जर पुन्हा भीती वाटली, तर मी सरळ तोंडावर सांगेन. चालेल?

ग्लेनिस : पळेल. आता जा. तो बघ, पुढचा घोळका वर आला. मी बसले आहे जरा.

नेव्हिल : म्हणजे काय, रविवारी मी या कोपऱ्यात उभा? तुझ्या त्या ठोकलेल्या टेकूशेजारी?

ग्लेनिस : हो.

नेव्हिल : आणि तू अडकलीस, तरी गप्प?

ग्लेनिस : तरी गप्प.

नेव्हिल : मग मी तोंड उघडायचं कधी?

ग्लेनिस : आग लागली की.

नेव्हिल : आणि नाही लागली तर?

ग्लेनिस : मग ऐक.